मागून बसलेला मार

डहाणू,
१४ जानेवारी २०१८

हिरकणीताई,

तिळगूळ घे. गोड बोलणं मात्र यंदा माझ्याकडून व्हायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. नमस्कार बसल्या जागेवरूनच करतो आहे, कारण उठता येत नाही.

पत्र कशाला लिहितोस म्हणशील. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर भरवसा नाही. मी बोलायला लागलो की सोनल स्वयंपाकघरातला नळ बंद करते. कशाला? ऐकायलाच ना! पोटची पोर खरी, पण हल्ली ती कोणाच्या बाजूची आहे तेच समजत नाही.

तर ऐक. लाहूनं मला मारलं. हो, तुझ्याच लाहूनं. तलासरीहून चिठ्ठी देऊन तूच पाठवला होतास त्याला, 'माझ्या शाळेत शिकलेला आहे, हाताचा स्वच्छ आहे, वाडीत ठेव.' ठेवला. रस्त्याकडेच्या कोपऱ्यात खोपी बांधून दिली, लग्न झाल्यावर रूपीलाही काम दिलं. त्याचे हे पांग फेडले.

मागच्या रविवारी चिकू उतरवायचं काम चालू होतं. माल परस्पर कुठेतरी जातो असा मला बरेच दिवस वास येत होता. म्हणून 'बोर्डीला जाऊन येतो' असं सांगून निघालो आणि मागच्या कुंपणातून वाडीत शिरलो. माझ्याच वाडीत मी चोरासारखा! कोणाला चाहूल लागू नये म्हणून पुलावरून न जाता पाटावरून उडी घ्यायला गेलो. डावा पाय जोर देऊन रोवला, तोच मागून टाचेच्या वर असा सणसणीत तडाखा बसला म्हणून सांगू! 'फट्' असा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. पाटातच कोसळलो. वळून बघतो तर लाहू. चार झाडं पलीकडे, हातात बेडणी. चिकू उतरवायची ती जाळीची काठी किती लांब असते, तुला ठाऊक आहे.

आणि धावत येऊन मलाच विचारतो, "काय झाला शेठ?" चोराच्या उलट्या बोंबा! उतरवणारे सगळे धावून आले, त्यांच्यासमोरच त्याला चोर म्हटलं, तर 'मी नाय मारला' म्हणत पाटाशी उभा.

डॉक्टरला सांगितलं, मागून मार बसलाय. त्यानं फोटो काढला. हाड शाबूत आहे. मलम आणि पट्टी दिली, मुका मार आहे म्हणाला. चौकीवर तक्रार दिली आहे. लाहूला खोपी खाली करायला सांगितली आहे. तुला दुसरीकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

हरिश्चंद्र


तलासरी,
२१ जानेवारी २०१८

हरी,

तिळगूळ पोचला, त्याच्याबरोबरचं विषही पोचलं.

मास्तरकी सोडली तरी खोड जात नाही. तुझं पत्र हातात लाल पेन घेऊन वाचलं. चार झाडं पलीकडे म्हणजे किती लांब रे? बेडणी आहे की मोबाईलचा टॉवर? आणि एवढा सणसणीत तडाखा बसला तर वळ कुठे आहे? काळंनिळं झालंय का? कातडी फुटली का? त्यातलं एक अक्षर लिहिलेलं नाहीस. नळ कोण बंद करतं ते मात्र लिहिलंस.

मला ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. रस्त्याकडेचा कोपरा तू रिसॉर्टवाल्याला दाखवलास, असं बाजारात कानावर आलं. लाहूची खोपी त्याच कोपऱ्यात आहे ना? आता खरं सांग, तुझा पाय दुखतोय की त्याची खोपी खुपतेय?

परवा लाहूची आई जमना माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही. पोराला चौकीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, एवढंच म्हणाली. रूपी पोटुशी आहे. पोलिसांत नाव गेलेल्या माणसाला डहाणूपासून घोलवडपर्यंत कोणी वाडीत उभा करणार नाही, हे तुलाही कळतं आणि तिलाही. तुझं पायाचं दुखणं चार दिवसांत बरं होईल. त्याच्या नावाला लागलेलं कसं बरं करशील?

तक्रार मागे घे. मोठी बहीण म्हणून सांगते आहे, विनंती नाही करत.

हिरकणी


डहाणू,
२ फेब्रुवारी २०१८

ताई,

बाजारातल्या बायकांचं ऐकतेस आणि सख्ख्या भावाचं नाही. कोपरा दाखवला, विकला नाही. दाखवायला काय जातं? मुलगी लग्नाची आहे, पुढचा विचार करायला नको?

वळ नाही हे खरं. मुका मार असाच असतो, आत मुरतो. टाचेजवळ सूज होती, तीही आता बरीच उतरली. दुखणंही फारसं नाही. पण पाऊल आपलं म्हणून उचलत नाही. रोज तेल लावून चोळून घेतो. चोळणारा म्हणतो, शीर चढली आहे, उतरेल. तरी नाटक करतो म्हण हवं तर.

आणि तुझा लाहू पळाला. एका सकाळी बघतो तर खोपी रिकामी. रूपी नाही, भांडी नाहीत, कोंबड्यासुद्धा नेल्या. निर्दोष माणूस असा पळतो का? सांग, तूच मास्तरीण ना?

हरिश्चंद्र

(याच पाकिटात घडी घातलेला कागद)

आत्या,

बाबांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं, म्हणून हे आत सरकवते. नळ मी भांडी झाली म्हणून बंद करते, शप्पथ.

बाबा तुला लिहीत नाहीत ते सांगते. ते जिना चढताना उजवा पाय टाकतात आणि डावा ओढून घेतात. वरच्या फळीवरची समई काढायला गेले तर डाव्या पायावर टाच उचलताच येईना, जणू टाच जमिनीला खिळली आहे. बोटं हलतात, पाऊलही थोडं खाली वर होतं, म्हणून डॉक्टर काळजी करत नाहीत. पण तेल लावताना माझं बोट टाचेच्या वर गेलं तर तिथे खड्डा लागला. दुसऱ्या पायाला तिथे दोरासारखी ताठ शीर आहे. मार लागला तर टेंगूळ येतं ना? खड्डा कसा पडेल?

बाबांना सांगू नको. मी फितूर आहे अशी त्यांची आधीच खात्री आहे.

सोनल


तलासरी,
८ फेब्रुवारी २०१८

हरी,

आधी चोळणं बंद कर. आजच्या आज. हे पत्र वाचून संपायच्या आत तेलाची बाटली उचलून ठेव.

आता मी सांगते ते भांडण म्हणून वाचू नको. आमच्या शाळेत मनिष सर होते, खेळाचे मास्तर. मुलींना खोखो शिकवत होते. एकदा पळून दाखवताना गर्रकन वळले, पाय रोवला आणि तिथेच खाली बसले. मागे वळून ओरडले, "कोणी लाथ मारली? पुढे या!" सगळ्या मुली त्यांच्या समोर रांगेत बसलेल्या. मागे कोण होतं? शाळेची भिंत! आम्ही सगळ्या जणी खूप हसलो, तेही मग हसले, पण उठता येईना. त्यांची टाचेमागची जाड शीर तुटली होती. ती तुटते तेव्हा आतून येणारा दणका बाहेरून मार बसल्यासारखाच वाटतो, आवाजसुद्धा येतो. हे त्यांनी नंतर प्लास्टरमध्ये बसून आम्हाला सांगितलं.

तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. उडी घ्यायला पाय रोवलास, 'फट्' वाजलं, मागे वळलास. अरे, हे तर मनिष सरच! मीच मूर्ख, वळ शोधत बसले.

एक करून बघ. खाटेवर पालथा झोप, पावलं खाटेबाहेर लोंबू देत. सोनलला आधी उजवी पोटरी मुठीत धरून दाबायला सांग. पंजा आपोआप खाली झुकेल. मग डावी. डावा पंजा झुकला तर माझं चुकलं, मी येऊन तुझी माफी मागेन. नाही झुकला तर शीर तुटली आहे, आणि ती एक्सरेत दिसत नाही. हाडाच्या मोठ्या डॉक्टरकडे जा.

आणि जाशील तिथे एवढं कर. काय झालं ते सांग, कोणी केलं ते सांगू नको. तू पहिल्या डॉक्टरला 'मार बसला' म्हणालास, म्हणून त्यानं मार शोधला. पोलिसांनाही तेच सांगितलंस, त्यांनी मारणारा शोधला.

हिरकणी


डहाणू,
१३ फेब्रुवारी २०१८

ताई,

गोष्ट छान रचली आहेस. मनिष सर, खोखो, भिंत, सगळं झक्कास. लाहूला सोडवायला तू काय काय करशील! माझी शीर तुटली असती तर मी चाललो असतो का? काल वाडीत फिरून आलो.

पोटरी दाबून माणूस ओळखायचा म्हणजे आता चिकूसारखंच झालं.

हरिश्चंद्र


डहाणू,
१६ फेब्रुवारी २०१८

आत्या,

बाबांनी तुझं पत्र वाचून गादीखाली टाकलं. गादी मीच झटकते, हे ते विसरतात.

काल दुपारी जेवून ते पालथे झोपले, पाय खाटेबाहेर. घोरत होते. मी हळूच उजवी पोटरी दाबली. पंजा असा छान खाली झुकला, कोणी 'हो' म्हणून मान हलवावी तसा. मग डावी दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली, जोरात दाबली. पंजा तसाच लोंबत राहिला. मला एकदम रडूच आलं.

बाबा जागे झाले. "कोण आहे मागे?" म्हणून ओरडले. मी म्हटलं, "मीच आहे, बाबा. मागे कोणी नाही." ते पुन्हा पालथे झाले. मग म्हणाले, "पुन्हा दाब." त्यांनी मान वळवून स्वतः बघितलं. संध्याकाळी म्हणाले, वापीच्या हाडाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?

सोनल


डहाणू,
९ मार्च २०१८

ताई,

ऑपरेशन झालं. मांडीपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर आहे, पंजा खाली वळवलेला, नाचणाऱ्या बाईसारखा. हसून घे.

वापीचा डॉक्टर तरुण आहे, गुजराती. तू सांगितलंस तसं मी ठरवून गेलो होतो की कोणी केलं ते बोलायचं नाही. बोलायची वेळच आली नाही. त्यानं पालथं झोपवलं, पोटरी दाबली, खड्ड्यावर बोट ठेवलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "काका, पाछळथी कोइए लात मारी एवुं लाग्युं ने?" मागून कोणी लाथ मारली असं वाटलं ना, म्हणे!

मी म्हटलं, "तुम्हाला लाहूनं सांगितलं?"

तो म्हणाला, "कोण लाहू?"

डॉक्टर हसत होता. म्हणाला, येणारा जो तो मागे वळून बघतो, कोणी भिंतीला शिव्या देतो, कोणी बायकोला. मी म्हटलं, मी एका माणसाला चौकीवर पाठवलं. त्याचं हसू गेलं. मग त्यानं सोनोग्राफीचं लिहून दिलं.

लगेच आलो असतो तर कदाचित न कापताही निभावलं असतं, पंजा असाच खाली वळवून प्लास्टर घातलं की तुटकी टोकं जवळ येऊन सांधतात. मी चालत राहिलो, वर चोळून घेतलं, टोकं लांब गेली. आता अंगठ्याकडे जाणारी शीर उसनी घेऊन तिथे जोडली आहे. पुढे टाचेखाली गाद्या घातलेला बूट, मग एकेक गादी कमी करायची, मग व्यायाम. पळणं विसरा म्हणाला.

हे सगळं मी त्या एका शब्दापायी ओढवून घेतलं. मार. मला मारलं, मला मारलं म्हणून सगळीकडे सांगत फिरलो. इकडे पाय सडत होता. बरा होईल, पाय बरा होईल. लाहूचं काय करू, ते सांग. जमनाला सांग की तो परत येऊ दे, माझं चुकलं.

हरी


तलासरी,
२० मार्च २०१८

हरी,

जमनाच्या पाड्यावर जाऊन आले. तुझं पत्र वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मास्तरीण, तू भाऊ सोडून माझी कधी झालीस?"

तिला वाटतं, हा डाव आहे. लाहू कुठे आहे ते काढून घ्यायचं आणि पुन्हा चौकीवर न्यायचं. मी देवाची शपथ घेतली. ती म्हणाली, शेठ पण चौकीवर शपथच घेऊन बोलला असेल. एवढंच कळलं की तो गुजरातकडे बोटीवर खलाशी म्हणून गेला आहे, पाऊस लागेपर्यंत येत नाही. ज्यानं जन्मात खाडीच्या पुढे पाणी बघितलं नाही, तो समुद्रात आहे. रूपी तिच्याकडे आहे. दिवस भरत आले आहेत.

शीर आतून तुटते हे तिला पटत नाही. "मग आमची नाय तुटत," म्हणाली. "सगळा दिवस डोंगर चढतो." मी पोटरीची गोष्ट सांगायला लागले तर उठून आत गेली.

आधी तक्रार मागे घे. कुबडीवर जा, पण जा. मग प्लास्टर निघाल्यावर तू स्वतः तिच्या दारात ये. माझ्यामार्फत काही व्हायचं नाही, कारण मी तुझीच बहीण आहे.

एक मलाही सांगायचंय. तू नाटक करतोस असं मला पहिल्या पत्रापासून वाटत होतं. कोपऱ्यासाठी पायाचं सोंग घेतोस असं मी इथे एक-दोघींना बोलूनही दाखवलं. संशय आपल्या घरात पाण्यासारखा वाहतो रे, बापापासून.

हिरकणी


डहाणू,
११ एप्रिल २०१८

ताई,

तक्रार मागे घेतली. चौकीतला माणूस म्हणाला, "शेठ, दबाव आणला का कोणी? घाबरू नका, सांगा." मी म्हटलं, कोणी नाही, माझीच शीर तुटली. तो दुसऱ्याकडे बघून हसला. कागद केला, सही घेतली. पण विश्वास त्याचा बसला नाही, ते मला दिसत होतं.

रिसॉर्टवाल्यालाही नाही म्हणून सांगितलं. त्यालाही वाटलं, मी भाव वाढवतोय.

आता मला कळतंय, लाहू त्या दिवशी पाटाशी उभा राहून 'मी नाय मारला' म्हणत होता तेव्हा त्याला कसं वाटलं असेल.

हरी


तलासरी,
२८ मे २०१८

हरी,

तू सुखरूप पोचलास ते सोनलनं कळवलं. बुटातल्या किती गाद्या उरल्या?

तू परवा जमनाच्या ओट्यावर काय बोललास ते मला ऐकूच आलं नाही. मान खाली घालून पुटपुटत होतास. म्हणून तू गेल्यावर तिलाच विचारलं. ती म्हणाली, शेठ 'मी चुकलो' म्हणला. मग तिनं तुझा पाय मागितला, हे मी बघितलंच. तुझी पोटरी दाबली, खुणेवर अंगठा फिरवला, शिवण कशी घातली ते नीट बघितलं. मला वाटलं, पटलं हिला. पटलं नव्हतं. ती मला म्हणाली, "पाय खरा आहे. पण मना सांगून काय? मी होती काय तिथं? ज्यांच्यासमोर माझे पोराला चोर केला, त्यांच्यासमोर सांग."

बरोबर आहे तिचं. वाडीत सांग, सगळ्या उतरवणाऱ्यांसमोर. तू तोंडानं सांगितल्याशिवाय लाहूला पुन्हा कोणी कामावर घेणार नाही.

रूपीला मुलगी झाली. अजून बापानं बघितली नाही. तू पाळण्यात डोकावलास तेव्हा रूपीनं पदर ओढून घेतला, ते मी बघितलं आणि तूही बघितलंस. त्यावर मी काही लिहीत नाही.

बोटी किनाऱ्याला लागायच्या बेतात आहेत.

हिरकणी


डहाणू,
२९ ऑक्टोबर २०१८

ताई,

लाहू वाडीत आला, महिना झाला. पावसाळाभर पाड्यावरच होता. मी पाठवलेल्या निरोपामुळे नाही, जमनानं पाठवला म्हणून आला. मला बघून म्हणाला, "आई बोलली, ऐकून ये."

मी सगळ्यांना बोलावलं. पाटाशीच, जिथे पडलो होतो तिथे. काठीचा आधार घेऊन उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, लाहूनं मला हात लावला नव्हता. माझ्या पायातली शीर आपली आपण तुटली. मी खोटं बोललो असं नाही, मला तसंच वाटलं होतं, पण ते चूक होतं आणि मी त्याला चोर ठरवला हे त्याहून चूक होतं. माल कमी पडायचा तो रात्री वटवाघळं चिकू खायची म्हणून, तेही मीच नंतर बघितलं. भाषण करणं माझ्या बापजन्मात जमलं नाही.

मग भिकी म्हातारी, ती नाही का, सगळ्यात जुनी, ती म्हणाली, "शेठ, कशाला झाकतं? आपोआप शीर तुटते काय? त्याला राग आला असेल, मारलं असेल. आता माफ केला ना, झाला." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या! कोणाला वाईट वाटलं नाही, उलट माझं मन मोठं म्हणून दोघं-तिघं पाया पडले. मी ओरडलो, अरे तसं नाही, डॉक्टरला विचारा, पायाची खूण बघा! जितकं ओरडलो तितकी त्यांची खात्री होत गेली.

लाहू खाली बघत होता. मला त्याचं तोंड बघवेना. ताई, मी जे एकदा बोललो ते लोकांनी लगेच घेतलं. आता खरं द्यायला गेलो तर कोणी हात पुढे करत नाही.

तरी तो राहिला. कामावर येतो, राहायला नाही. खोपीचं छप्पर नवीन करून दिलं, तो म्हणाला, "असू दे." रोज तलासरीहून पहिल्या गाडीनं येतो आणि जातो. रूपीला आणत नाही. मजुरी घेतो, चहा घेतो, विचारलं तेवढं बोलतो. मुलीचं नाव विचारलं तर सांगितलं, सुकी. बस.

आधी आम्ही वाडीत निघालो की मी पुढे आणि तो मागे असायचा. तुला माहीतच आहे, शेठ पुढे, गडी मागे, आपल्याकडे सगळे तसेच चालतात, कोणी ठरवलेलं नसतं. आता तो मागे राहत नाही. मी निघालो की झपझप येऊन पुढे होतो. आधी वाटलं, मी लंगडतो म्हणून वाट बघून देतो, काट्या बाजूला करतो. काल म्हटलं, "अरे, बरोबर चाल. मला सोबत होते." तर थांबला आणि म्हणाला, "नको, शेठ. तू मांगून ये. मी पुढं दिसलेला बरा. तुझा पाय पुन्हा तुटला तर?"

चिडून नाही म्हणाला. साधेपणानं म्हणाला, भाव सांगावा तसा.

पाय बरा आहे. टाच थोडी उचलता येते. डॉक्टर म्हणतो, अजून चार-सहा महिन्यांत बरीचशी ताकद येईल. दिवाळीला सोनलला पाठवतो तुझ्याकडे, चिकू पाठवतो, जमनाला थोडे दे. घेतले तर घेतले.

असे फिरतो आम्ही वाडीत आता. तो पुढे, मी मागे, हातात काठी. त्यानं चौकीपासून समुद्रापर्यंत माझ्यामुळे काय काय बघितलं, आणि तरी दिवसभर माझ्याकडे पाठ करून चालतो. पाठीमागे मी असतो याची त्याला भीती वाटते का, ते विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

हरी